आईच्या पायाची सूज आणि आपले वाद

घरच्या ग्रुपवर परत तेच. काकांनी टाकलं, "अ‍ॅलोपॅथीच्या गोळ्या म्हणजे विष, आयुर्वेदाला साईड इफेक्टच नाहीत." खाली फार्मातला चुलतभाऊ, की सरकारने पास केलेलं औषध म्हणजे सेफच. मला दोन्ही पटत नाही, आणि डोकं याचं फिरतं की किती जणांना त्रास होतो ते दोघंही बोलत नाहीत.

इकडे इंग्लंडमध्ये प्रत्येक औषधाच्या खोक्यात घडी घातलेला पातळ कागद असतो, हा त्रास दहात एकाला होऊ शकतो, तो दहा हजारांत एकाला, असं सरळ लिहिलेलं. टेस्को सुपरमार्केटात पॅरासिटामॉलची दोनच पाकिटं देतात, जास्त झालं तर लिव्हर जातं म्हणून. 2021 मध्ये अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लसीने फार क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात हे दिसल्यावर मे महिन्यात चाळिशीच्या आतल्यांना वेगळ्या कंपनीची लस द्यायचं ठरलं, मला फायझर मिळाली. तीच लस आपली कोविशील्ड, आणि आपल्याकडे आरडाओरडा झाला 2024 मध्ये, कोर्टाची बातमी आल्यावर, जेव्हा घेऊन वर्षं झालेल्यांना तो धोका उरलाच नव्हता. आणि काका, मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्येच गुळवेलीच्या काढ्यानंतर लिव्हर बिघडलेले पेशंट मांडले होते. आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही हेही खरं, पण 'साईड इफेक्टच नाहीत' असं कसं म्हणता?

सांगलीत आई बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपीन घेते. मीही तीच घेतो, माझ्या खोक्यावर मेड इन इंडिया लिहिलंय. माझ्या कागदात घोटे सुजू शकतात हे आहे. आईला मेडिकलवाला दहाच्या स्ट्रिपमधल्या सहा कात्रीने कापून देतो, कागद कुठला मिळायला! तिचे पाय सुजले, तिला वाटलं किडनी गेली, तिने गोळी गपचूप बंद केली. तीन आठवडे. अगं, डॉक्टर डोस कमी करतात नाहीतर गोळी बदलतात, विचारायचं तरी! असा त्रास कळवायला आपल्याकडे फुकटचा फोन आहे, 1800-180-3024, पण मी तरी तो नंबर एकाही मेडिकलवर लावलेला पाहिला नाही.

तुम्ही म्हणाल, लांब बसून शहाणपणा सांगायला काय जातंय. मलाही तेच खुपतंय. आईने मला सांगितलं नाही, "तू तिकडे, उगाच जिवाला घोर." बीपी 180 वर गेलंय हे कळलं ते काकांना, कारण दर महिन्याला तिला स्कूटरवर बसवून दवाखान्यात तेच नेतात, विषाचे फॉरवर्ड टाकणारे काका. मला तो कागद पाठ आहे, पण आईची चप्पल पायात शिरत नव्हती हे मला माहीत नव्हतं.

रविवारी व्हिडिओ कॉलवर काकांनीच आईचा पाय स्टुलावर घेतला, घोट्याच्या वर अंगठा दाबून धरला, मग काढला. "बघ रे, खड्डा राहतोय अजून."

मी म्हटलं, काका, फोन जरा जवळ धरा.