दोन श्रोत्यांची सहल

ग्रुप टूरला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा तरी खासगी गाईड करून बघावा. पंचेचाळीस माणसांच्या बसमध्ये ज्ञान वाटून घेता येतं. शेवटच्या सीटवर बसलं तर आपल्या वाट्याला जवळपास काहीच येत नाही. गाईड माईकवरून तेरावं शतक सांगत असतो आणि आपण निवांत खाकरा खात असतो. शिवाय प्रत्येक ग्रुपमध्ये एक हौशी काका असतात. ते वही घेऊन पुढच्या सीटवर बसतात आणि "हा दगड मूळचाच का?" असं विचारत राहतात. त्या काकांच्या जिवावर बाकीची बस झोपते. खासगी सहलीत मात्र काकाही आपणच आणि बसही आपणच.

"बाबा, ग्रुपमध्ये तुमची नुसती फरफट होते," असं म्हणून लेकीने हे बुकिंग परस्पर करून टाकलं होतं. सकाळी बार्सिलोनाहून निघायचं, बेसालू, जिरोना आणि पाल्स ही मध्ययुगीन गावं बघायची आणि संध्याकाळी कोस्टा ब्रावाच्या समुद्रावर. गाडी, ड्रायव्हर, गाईड, सगळं फक्त आपल्यासाठी. ड्रायव्हर आणि गाईड हा एकच माणूस निघाला. चाळिशीचा, किडकिडीत, इतिहासात एम.ए. झालेला, आणि आमच्या दुर्दैवाने आपल्या विषयावर मनापासून प्रेम असलेला. कंटाळलेला गाईड परवडतो. तो सांगतो, घड्याळ बघतो, आपल्याला सोडतो. प्रेमात पडलेल्या माणसाला घड्याळ नसतं.

रिवाजाप्रमाणे मी पुढे बसलो आणि ही मागे. मागे झोपायची सोय होईल असा हिचा हिशेब होता. पण त्याने आरसा असा लावला होता की हिने डोळे मिटले रे मिटले की तो थांबायचा आणि काळजीने विचारायचा, "मॅडम, यू ओके?" मॅडम दचकून म्हणायच्या, "येस येस, व्हेरी इंटरेस्टिंग." मग तो उत्साहाने दोनशे वर्षं मागे जायचा. बेसालू येईपर्यंत आम्ही रोमनांपासून निघून अकराव्या शतकातल्या काउंटांपर्यंत पोचलो होतो आणि माझी मान दुखायला लागली होती.

बेसालूचा पूल मात्र बघण्यासारखा आहे, हे सांगायलाच हवं. फ्लुविया नदीवरचा हा दगडी पूल मध्येच कोपरासारखा वळतो. नदीतल्या नैसर्गिक खडकांवर पाये घातले आणि खडक काही एका रेषेत नव्हते, म्हणून पूलही नाही. मध्ये एक भक्कम बुरूज, त्याखालून वाट. समोर दगडी गाव. आपण एक फोटो काढावा, "वा" म्हणावं आणि कॉफी प्यावी, इतकं ते सरळ आहे. पण आमच्या गाईडने पुलाच्या तोंडाशी उभं करून सांगितलं, "इमॅजिन. तुम्ही बाराव्या शतकातले व्यापारी आहात. तुमच्याकडे लोकर आहे. तुम्हाला जकात भरायची आहे." ऊन मी म्हणत होतं. मी लोकर घेऊन उभा राहिलो.

हे 'इमॅजिन' दिवसभर आमच्या मानगुटीवर बसलं. पुलाच्या पलीकडे पोचेपर्यंत मी व्यापारी, वेढा घालणारा सैनिक आणि 1939 मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात माघार घेताना याच पुलाच्या कमानी सुरुंगाने उडवणारा शिपाई असा तीन जन्मांतून गेलो होतो. ही फक्त व्यापाऱ्याची बायको झाली आणि पहिल्याच जन्मात थकली. "अहो, त्याला सांगा ना, आम्हाला नुसतं बघायचंय," असं ती मराठीत पुटपुटली. पण सांगणार कसं? समोरचा माणूस आपल्यासाठी घसा कोरडा करतोय आणि मागे चेहरा लपवायला दुसरा कोणी नाही. आम्ही दोघं नंदीबैलासारख्या माना डोलवत राहिलो.

दोघांनी मिळून एक ठराव मात्र केला: प्रश्न विचारायचा नाही. काहीही झालं तरी नाही. प्रश्न विचारला की त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरायचा, त्याची किंमत अर्ध्या तासापेक्षा कमी नसायची.

जिरोनाला पोचलो तर कॅथेड्रलच्या समोर आभाळाकडे जाणाऱ्या पायऱ्या. नव्वदच्या आसपास असाव्यात. माझे गुडघे त्या मोजायच्या मनःस्थितीत नव्हते. या पायऱ्यांवर एका गाजलेल्या मालिकेचं चित्रीकरण झालंय, त्यामुळे अर्धं जग तिथे तलवार उपसल्याचे फोटो काढत होतं. वर गेल्यावर आतलं दालन पाहून मात्र खरोखर बोलती बंद होते. मध्ये एकही खांब नाही. जवळजवळ तेवीस मीटर रुंद, गॉथिक दालनांत जगात सर्वांत रुंद. 1416 मध्ये काम अडलं, एवढं रुंद छत उभं राहील की कोसळेल यावर वाद झाला, तेव्हा ठिकठिकाणचे वास्तुकार बोलावून एकेकाचं मत लिहून घेतलं. तज्ज्ञांचं एकमत झालं नाही. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीसाठी असेच तज्ज्ञ बोलावले होते. एकमत तिथेही झालं नाही, आणि टाकी अजून गळते. जिरोनावाल्यांनी छत बांधून टाकलं आणि ते शतकानुशतकं उभं आहे.

मग माशा आल्या. म्हणजे माशांची गोष्ट आली. 1285 साली फ्रान्सच्या तिसऱ्या फिलिपने जिरोनाला वेढा घातला. शहर पडलं. फ्रेंच सैनिकांनी गावच्या संताची, सेंट नार्सिसची, कबर उघडली आणि आतून माशांचे थवेच्या थवे निघाले, अशी आख्यायिका आहे. माशा चावतील तो घोडा पडे, तो सैनिक पडे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी सैन्यात रोगराई पसरली हे खरं, आणि राजा त्याच ऑक्टोबरात परत जाताना पेर्पिन्यां इथे वारला हेही खरं. गावात माशीची चित्रं जिथे तिथे दिसतात. माशी इतकी मानाने मिरवणारं गाव मी दुसरं पाहिलं नाही. आमच्याकडे माशा पाळायला वेढ्याची गरज पडत नाही, पण त्यांचं कौतुक कोणी करत नाही.

"इमॅजिन," तो म्हणाला, "तुम्ही फ्रेंच सैनिक आहात."

इथे हिच्याने राहवलं नाही. ती म्हणाली की आमच्याकडेही गडांवर आग्या मोहोळं असतात, धूर केला किंवा सेंटचा वास आला की उठतात, आणि ट्रेकला गेलेली पोरं सुजून परत येतात. हा नुसता किस्सा होता, ठरावाच्या भाषेत प्रश्न नव्हता. पण परिणाम तोच झाला. गाईडने खिशातून छोटी वही काढली. आग्या मोहोळ या शब्दाचं स्पेलिंग विचारलं. त्या क्षणापासून आमची गणना जाणकारांत झाली आणि जाणकारांसाठी राखून ठेवलेला इतिहास बाहेर पडायला लागला.

जुन्या ज्यू वस्तीत, म्हणजे तिथल्या कॉलमध्ये, गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की समोरून माणूस आला की एकाने भिंतीला पाठ लावायची. एका दाराच्या दगडी चौकटीत त्याने बोटभर लांबीची तिरकी खाच दाखवली. तिथे मेझूझा असायचा, प्रार्थना लिहिलेल्या चर्मपत्राची गुंडाळी ठेवलेली डबी. 1492 मध्ये ज्यूंना देश सोडायला लावला, डबी गेली, खाच राहिली. त्याने खाचेत बोट ठेवलं आणि पहिल्यांदाच 'इमॅजिन' म्हणाला नाही.

मी म्हणालो, ही डबी मी लहानपणी रोज पाहिली आहे. अलिबागला आमच्या शाळेच्या वाटेवर इस्राएल आळी लागते. तिथले ज्यू, म्हणजे बेने इस्राएली लोक, घरात मराठी बोलत. तेलाच्या घाण्याचा धंदा आणि शनिवारी सुट्टी, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. बहुतेक कुटुंबं 1948 नंतर इस्रायलला गेली, सिनेगॉग अजून आहे.

तो थेट पायरीवर बसला. मला बोलतं करणारं माणूस मिळालं म्हणताना मीही सुटलो. अलिबागवरून चौलला गेलो. चौल म्हणजे जुनं, मोठं बंदर, पंधराव्या शतकात अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी घोडा विकायला घेऊन तिथे उतरला होता. शेजारी रेवदंड्याचा पोर्तुगीज किल्ला, त्याच्या तटाच्या आत आता नारळी-पोफळीच्या वाड्या. "इमॅजिन," मी म्हणालो, आणि हिच्याकडे नजर गेली. ती भिंतीला टेकून, चेहऱ्यावर तेच सभ्य हसू ठेवून मान हलवत होती. सकाळपासून मी आरशात तोच चेहरा बघत होतो.

सिंहिणीचा प्रसंग थोडक्यात उरकतो. जिरोनात एका खांबावर चढणारी दगडी सिंहीण आहे. तिच्या पार्श्वभागाचं चुंबन घेतलं की माणूस पुन्हा जिरोनाला येतो, असं मानतात. तोंड पोचावं म्हणून पायऱ्याही ठेवल्या आहेत. मूळ मूर्ती संग्रहालयात आहे, ही नक्कल, असं सांगून गाईडने आम्हाला धीर द्यायचा प्रयत्न केला. "काय बाई तरी!" म्हणून हिने पदर नसताना पदर सावरला. मग तिने तोडगा काढला. सिंहीण म्हणजे देवीचं वाहन, असं म्हणून खालूनच हात जोडले. मीही जोडले. मागे रांगेत उभ्या असलेल्या एका जोडप्याने आमचं बघून हात जोडले. आता ही प्रथा तिथे रुजली तर त्याला आम्ही जबाबदार.

पाल्सला पोचेपर्यंत अडीच वाजून गेले होते. तिकडे जेवायची वेळच ती. टेकडीवरचं नीटनेटकं दगडी गाव, इतकं नीटनेटकं की वाळत घातलेला एक टॉवेल दिसला तर बरं वाटलं असतं. आम्हाला त्यात रस नव्हता, आम्हाला भातात होता. पाल्सच्या आसपास भाताची खाचरं आहेत आणि तिथला तांदूळ नावाजलेला आहे. मध्यंतरी मलेरिया पसरतो म्हणून तिथे भातशेतीवर बंदीही आली होती. गाईड आमच्याच टेबलावर बसला, कारण दुसरं टेबल कोणाचं असणार? जेवताना तरी सुटका होईल ही आशा तिथे संपली.

मासे-कोळंबी घातलेला भात आला. हिने एक शीत बोटात धरून दाबलं. मधे कणी राहिली होती. कोकणातल्या बाईसमोर कणी राहिलेला भात ठेवणं हा गुन्हा आहे. पण गाईड म्हणाला की तो असाच शिजवतात, मुद्दाम. ही मराठीत म्हणाली, "बिघडला की सगळेच मुद्दाम म्हणतात." रस्सा मात्र तिने बोटं चाटून खाल्ला आणि कोळंबीबद्दल तक्रार केली नाही, हे माझ्या माहितीत मोठं प्रशस्तिपत्र आहे.

मग त्याने पोर्रो मागवला. हे काचेचं, लांब निमुळत्या चोचीचं भांडं. वाईनची धार वरून थेट तोंडात सोडायची, चोचीला ओठ लावायचा नाही. "पाहुणे शर्ट भिजवतात," असं हसत म्हणून त्याने मला रुमाल बांधायला सांगितला आणि मोबाईल सरसावला. मी पोर्रो उचलला, मान मागे टाकली आणि हात लांब करत करत धार गळ्यात उतरवली. एक थेंब बाहेर नाही. पन्नास वर्षं उष्टं होऊ नये म्हणून तांब्यापासून बिसलेरीपर्यंत सगळं वरूनच प्यायलेल्या माणसाला हा कुठला खेळ? शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी टाळी वाजवली. हिने त्यात पाणी भरून घेतलं आणि बोलता बोलता, माझ्याकडे बघतसुद्धा नसताना, पिऊन दाखवलं. गाईडने वही काढली.

संध्याकाळी कालेया दे पालाफ्रुजेल. पांढरी घरं, पाण्याच्या काठाला कमानींची ओळ, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या. कोस्टा ब्रावा हे नाव फार जुनं वाटतं, पण ते एका पत्रकाराने 1908 मध्ये वर्तमानपत्रातून रूढ केलं. खडकांतून जाणारी अरुंद पायवाट पूर्वी तस्करांवर नजर ठेवणाऱ्या पहारेकऱ्यांची होती. क्यूबाला गेलेल्या खलाशांनी तिकडून गाणी आणली, ती इथे जुलैत किनाऱ्यावर गातात आणि रम पेटवून पितात. हे सगळं त्याने सांगितलं आणि थांबला. पाणी निळं, तळ दिसेल इतकं नितळ. मी बूट काढून बसलो. दिवसभरात पहिल्यांदा कोणी काही बोलत नव्हतं.

"का हो," ही त्याला इंग्रजीत म्हणाली, "मघापासून पाणी आहे तिथेच आहे. तुमच्याकडे ओहोटी लागत नाही?"

ठराव मोडला होता. पण प्रश्न रास्त होता, हे अलिबागकराला मान्य करावं लागेल. आमचा समुद्र दिवसातून दोनदा किल्ल्याची वाट मोकळी करून देतो. इथला हलतच नव्हता. गाईडने वाळूत काठीने भूमध्य समुद्र काढला. जिब्राल्टरची चिंचोळी खिंड काढली. महासागराची भरती त्या खिंडीतून आत येते ती नावापुरतीच, आणि समुद्र सगळीकडून बंद, म्हणून पाणी थोडंच वरखाली होतं. हे चार वाक्यांचं उत्तर होतं. पण त्याने वाळूत इटलीसुद्धा काढली, ग्रीस काढलं, आणि सूर्य खाली जाईपर्यंत तो प्राचीन फिनिशियन दर्यावर्दींच्या गलबतांपर्यंत आला होता. माझ्या बुटात फ्रान्सची वाळू गेली.

परतीच्या वाटेवर अंधारात आम्ही दोघंही डोळे उघडे ठेवून झोपलो. हॉटेलच्या दाराशी गाडी थांबली. त्याने इंजिन चालू ठेवलं, उतरून दारं उघडली, हात मिळवले, इतके चांगले श्रोते फार दिवसांनी मिळाले म्हणाला. लेकीच्या मोबाईलवर पाच तारे द्यायचं मी कबूल केलं. सुटलो होतो. लिफ्ट समोर दिसत होती.

"एक राहिलंच," ही वळून म्हणाली. "त्या संताच्या माशा. राजा मेल्यावर त्या गेल्या कुठे?"

त्याचा चेहरा उजळला. तो परत गाडीत वाकला आणि त्याने इंजिन बंद केलं. "एक्सलंट क्वेश्चन, मॅडम," तो म्हणाला. "त्या 1653 मध्ये परत आल्या."