गेम सोपाच आहे हो!

'एल्डन रिंग' हा व्हिडिओ गेम खेळायचा की नाही, हा तुमचा खासगी प्रश्न. पण तो अवघड आहे की सोपा यावर मत देणं हे सार्वजनिक कर्तव्य आहे, त्यातून कुणाची सुटका नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये गेम आला आणि तीनेक आठवड्यांत त्याच्या १ कोटी २० लाख प्रती खपल्या. म्हणजे त्या मार्च महिन्यातच पृथ्वीतलावर किमान तेवढी मतं तयार होती. तुम्ही उशिरा येताय. तेव्हा रांगेत घुसण्याआधी थोडं ऐकून घ्या.

सगळ्यात आधी बाजू ठरवा. गेम विकत घेण्याआधीच ठरवली तर उत्तम, कारण खेळून पाहिल्यावर मत डळमळण्याचा धोका असतो. बाजू दोनच. 'सोपा आहे, तुम्हालाच जमत नाही' ही एक आणि 'हा सरळसरळ अन्याय आहे' ही दुसरी. 'काही ठिकाणी जाम वैतागलो, काही ठिकाणी फार मजा आली' असं म्हणणारेही काही लोक असतात, पण त्यांच्याशी कुणी भांडत नाही. त्यांना जगात स्थान नाही.

'सोपा' पंथाची दीक्षा घ्यायची तर मार्गिट नावाच्या बॉसपासून, म्हणजे मोठ्या शत्रूपासून, सुरुवात करावी लागते. स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या वाटेवर उभा असलेला हा शिंगं-शेपटीवाला गडी आपली काठी वर उचलतो. उचलतो आणि तशीच धरून ठेवतो. तुम्ही घाबरून रोल मारता, म्हणजे वार चुकवायला कोलांटी घेता. काठी वरच. रोल संपवून तुम्ही उभे राहता, आणि नेमकी तेव्हा ती खाली येते. पुढच्या वेळी हेच होणार हे पक्कं माहीत असतं, तरी बोट त्याच क्षणी बटणावर जातं. हात वर गेला म्हणजे वार आलाच, असं आजवरच्या सगळ्या गेमनी त्या बोटाला शिकवून ठेवलंय. ते शिक्षण पुसून काढायलाच मार्गिटला तिथे बसवलाय.

हे सगळं तुम्हाला समजलं असेल तर ते पोटातच ठेवा. कुणी विचारलं तर भुवई किंचित वर करायची आणि म्हणायचं, 'कोण, मार्गिट? फर्स्ट ट्राय.' त्याच्याकडे जायच्या आधी दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुलात मनसोक्त भटकून लेव्हल वाढवून आलात, हे सांगण्याची गरज नाही. पॅचेस नावाच्या लबाड माणसाकडून मार्गिटला जमिनीला खिळवणारी बेडी विकत घेतलीत, हे तर अजिबातच नाही.

एखादा नवा पोरगा मदत मागायला आला तर सल्ला दोन शब्दांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. 'गिट गुड.' म्हणजे, आधी खेळायला शीक. बस्स. याहून जास्त सांगायला गेलात तर स्टॅमिना कसा वाचवावा, वार संपल्यावर किती थांबावं, कुठल्या बाजूला रोल मारावा हे सगळं ओघानं येतं, आणि त्यासाठी ते आपल्याला येत असावं लागतं. दोन शब्दांत ती अडचण नाही.

ज्येष्ठतेचाही मुद्दा असतो. समोरच्यानं एल्डन रिंगचं नाव काढलं की तुम्ही त्याच फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीच्या २०११ च्या 'डार्क सोल्स'वर जायचं: 'तेव्हा घोडा नव्हता बाबांनो.' तो डार्क सोल्सवर गेला तर तुम्ही २००९ च्या 'डीमन्स सोल्स'वर. २००९ मध्ये तुम्ही चौथीत स्कॉलरशिपचा अभ्यास करत होता हे गणित सहसा कुणी घालत नाही.

आता शुद्धतेचं शास्त्र. हे मात्र नीट पाठ करा, कारण आजीचं देवघरातलं सोवळं यापुढे काहीच नाही. जादू चालत नाही. लांब उभं राहून निळे गोळे फेकणं म्हणजे खेळणं नव्हे. ढाल चालते, पण लहान, आणि शक्यतो पाठीवर टांगलेली. रक्त काढणाऱ्या कटाना वापरणाऱ्याशी बोलावं, त्याच्या पंक्तीला बसू नये. आणि स्पिरिट ॲश, म्हणजे घंटा वाजवून मदतीला आत्मे बोलावणं, हा साक्षात रडीचा डाव. ही घंटा गेमच्या पहिल्या काही तासांत, एलेहच्या पडक्या चर्चमध्ये, भिंतीवर बसलेली एक चार हातांची बाई तुम्हाला स्वतः हाक मारून देते. पण तिनं दिली म्हणून घ्यायची असते का?

या ॲशपैकी सगळ्यात बदनाम म्हणजे मिमिक टिअर. तुमचीच हुबेहूब नक्कल, तुमचीच हत्यारं घेऊन, तुमच्याहून बरी लढणारी. मार्च २०२२ च्या पॅचमध्ये, म्हणजे कंपनीनं गेममध्ये मागाहून केलेल्या दुरुस्तीत, तिची ताकद कमी केली तेव्हा एवढी बोंबाबोंब झाली की ती वापरणारे नेमके किती होते ते जगाला कळलं. एरवी 'मी वापरली' म्हणणारा माणूस शोधून सापडत नाही.

खुद्द दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनी २०२४ मध्ये मुलाखतीत सांगून टाकलं की आपण गेम खेळण्यात अगदीच कच्चे आहोत आणि गेम देतो ती सगळी मदत आपण वापरतो. ही मुलाखत तुमच्यासमोर कुणी ठेवली तर गडबडून जाऊ नका. शांतपणे म्हणा की बनवणं वेगळं आणि समजणं वेगळं. जेवण आवडलं म्हणून आचाऱ्याला पानावर बसवतात का? 'ही गेम बनवणाऱ्याची दृष्टी आहे, तिला हात लावू नका' हे तुमचंच वाक्य त्याच पंधरवड्यात तुम्ही दोनदा बोललेले असता. त्याचा आणि याचा संबंध जोडायचं काम समोरच्याचं.

शुद्ध मंडळींबद्दल एक गोष्ट मात्र कानात सांगतो. मोगविन पॅलेसमध्ये एका कड्यावर उभं राहिलं की दरीपलीकडे एक अक्राळविक्राळ पक्षी बसलेला दिसतो. त्याला एक बाण मारायचा. तो चिडतो, तुमच्या दिशेनं धावत सुटतो आणि मधल्या दरीत पडून मरतो. तुम्हाला अकरा हजारांवर रून्स, म्हणजे लेव्हल वाढवायचं चलन, मिळतात. मग ग्रेसवर, म्हणजे विसाव्याच्या जागी, बसायचं, उठायचं, तो पक्षी परत आलेला असतो, परत बाण. असं करत जेवणाच्या वेळेपर्यंत माणूस दहा-वीस लेव्हल चढतो. जगातले सगळे 'नो समन, नो मॅजिक' वीर या कड्यावर कधी ना कधी उभे राहून गेलेत. पक्षी बोलत नाही, हे त्यांचं नशीब.

जेवणावरून आठवलं. या गेममध्ये टाइमप्लीज नाही. आई तिसऱ्यांदा हाक मारो, दारात कुरियरवाला उभा राहो, बॉस थांबत नाही. खरं तर एक वाट आहे: सामानाची यादी उघडायची, तिथे मदतीचं बटण दाबायचं आणि मेन्यूची माहिती देणारा पर्याय निवडायचा. माहितीची चौकट समोर येते आणि मागे तलवार हवेत उचललेला बॉस तिथल्या तिथे गोठतो. ही वाट कुणाला दाखवू नका. पान वाढून ठेवलंय आणि वरण थंड होतंय, अशा परिस्थितीत घेतलेला विजय जास्त मोलाचा असतो, निदान तसं सांगता तरी येतं.

हे सगळं झेपत नसेल तर 'अन्याय' पंथात या. इकडे वातावरण मोकळं आहे, रडायला खांदे भरपूर. इथली कुलदेवता मलेनिया ही बॉस. ती तुम्हाला मारते तेव्हा तिचं रक्त वाढतं. तुम्ही ढालीवर वार झेललात तरी वाढतं. मध्येच ती उडी मारून क्षणभर हवेत तरंगते, आणि मग तलवारीचे इतके वार येतात की मोजायला तुम्ही उरत नाही. एवढं करून तिला पाडलं की पडदा पडल्यासारखा वाटतो, आणि ती पंख घेऊन परत उठते. या सगळ्यावर यथेच्छ बोला, त्यात खोटं काही नाही.

फक्त एक गोष्ट बोलू नका: मलेनियाला मारल्याशिवायही गेम संपतो. तिच्यापर्यंत जायला एका पदकाचे दोन तुकडे दोन वेगळ्या ठिकाणांहून शोधावे लागतात, लिफ्टवर ते गुप्त पदक उचलून धरावं लागतं, ऑर्डिना नावाच्या बर्फाळ गावातलं कोडं सोडवावं लागतं, मग एका अवाढव्य झाडाच्या फांद्यांवरून तोल सांभाळत खाली उतरावं लागतं. एवढी पायपीट करून माणूस तिच्या दारात जातो आणि म्हणतो, माझ्यावर ही लादली! हा कांगावा ज्याला सरावानं जमला त्याला पुढे कशाचीच भीती नाही.

मदतही भरपूर मिळते. २०२२ मध्ये डोक्यावर मडकं आणि कमरेला लंगोटी, एवढ्याच वेशात एक खेळाडू ऑनलाइन दुसऱ्यांच्या लढाईत जाऊन मलेनियाला एकटाच लोळवायचा. हजाराहून जास्त वेळा लोळवली. गेमच्या प्रकाशकांनी त्याला खरीखुरी तलवार भेट पाठवली. त्याचं कौतुक करणारे तुम्हाला पैशाला पासरी भेटतील. त्याला बोलावलं होतं असं कबूल करणारा एखादा भेटला तर मला कळवा.

हरण्याची कारणंही तयार ठेवा. कॅमेरा, हिटबॉक्स (वार लागला की नाही ते ठरवणारी अदृश्य चौकट), लॅग, 'बॉस आपलं बटण वाचतो'. नाचता येईना अंगण वाकडं, असं कुणी म्हणेल. पण खरं सांगू? इथे अंगण थोडं वाकडं आहेच. ड्रॅगनच्या पोटाखाली शिरलात की कॅमेऱ्यात फक्त त्याची मांडी दिसते, आणि पीसीवर गेम आला तेव्हा तो ऐन लढाईत अडखळायचा. हे तुमच्या बाजूचे खरे पुरावे आहेत, म्हणून जपून वापरा. मार्गिटसाठी खर्च करू नका.

खरा धंदा सुरू होतो तो पॅच येतो तेव्हा. २०२२ च्या मार्चमध्ये सेनापती राडान हा बॉस एकदम सौम्य झाला. 'आता काय मजा राहिली' म्हणून शुद्ध मंडळींनी गळा काढला. एप्रिलमध्ये कंपनीनं सांगितलं की तो चुकून मऊ पडला होता, आणि त्याला पूर्ववत केलं. मधल्या महिन्यात ज्यांनी राडान मारला ते आजही तारखेचा विषय निघाला की पाणी प्यायला उठतात.

मग २१ जून २०२४ ला 'शॅडो ऑफ द अर्डट्री' ही गेमची पुरवणी आली. आत शिरायला राडान आणि मोग हे दोघं बॉस मारलेले असणं सक्तीचं, म्हणजे दारातच नवख्यांची गाळणी. जे आत गेले ते सगळे दीडशे-दोनशे लेव्हलचे महारथी, आणि तिथल्या साध्या शिपायांनी त्यांना रस्त्यात लोळवलं. कारण या नव्या प्रदेशात ताकद स्काडूट्रीचे तुकडे गोळा करून, त्यांच्या बदल्यात मिळणाऱ्या आशीर्वादांनी वाढवायची असते, आणि महारथी तुकडे वेचायला वाकत नाहीत. स्टीम या गेमविक्रीच्या साइटवरच्या अभिप्रायांत लगोलग नाराजीचा पाऊस. प्रकाशकांना जाहीर सांगावं लागलं, अहो, ते आशीर्वाद वाढवा ना! काही दिवसांतच पॅचनं सुरुवातीचे आशीर्वाद आणखी बळकट केले, आणि सप्टेंबरमध्ये शेवटच्या बॉसचे दातही जरा घासले.

इथे तुमची भूमिका चोख हवी. जूनमध्ये म्हणायचं, 'हा बॉस असाच असायला हवा.' सप्टेंबरमध्ये म्हणायचं, 'मी पॅचच्या आधी मारला.' मारला नसेल तरी म्हणायचं. तुमच्या टीव्हीवर तेव्हा काय चाललं होतं हे तपासायला कुणी येत नाही.

सोप्या मोडचा वाद २०१९ मध्ये याच कंपनीच्या 'सेकिरो'च्या वेळी पेटला आणि अजून धुमसतोय. एखाद्याची बोटं आजारानं आखडलेली असतात, एखाद्याला रंगांतला फरक दिसत नाही, एखादी दिवसभराची नोकरी आणि घर उरकून रात्री पाऊण तास मोकळी होते. हे लोक विचारतात, आम्हाला कच्चा लिंबू म्हणून घ्याल का? तुम्ही ताबडतोब सांगा की एका बाईनं डान्सपॅडवर पाय नाचवून मलेनियाला हरवलं, मग तुम्हाला काय धाड भरलीय! त्या बाईनं ते आवडीनं आणि अफाट सरावानं केलं, दुसऱ्यांचं तोंड बंद करायला नाही, हा तपशील गाळायचा. 'लाइज ऑफ पी' या याच पठडीतल्या कोरियन गेमनं २०२५ मध्ये अवघडपणाचे पर्याय दिले. त्यानंतर जुन्या खेळाडूंच्या बॉसनी आत्महत्या केल्याचं ऐकिवात नाही. पण हा विषय तुम्ही काढूच नका.

आणि आता एल्डन रिंगचाच भाऊबंद 'नाइटरेन'. मे २०२५ चा हा गेम तिघांनी मिळून खेळायचा. एकट्यानंही चालतं, पण दोघांची सोय सुरुवातीला नव्हतीच, ती जुलैत आली. इतकी वर्षं हरल्यावर कॅमेरा, लॅग, हिटबॉक्स करत वणवण फिरावं लागायचं. फ्रॉमसॉफ्टवेअरनं शेवटी खेळाडूंची ही गरज ओळखली म्हणायची. तुम्ही बॉसच्या पायाखाली आडवे पडलेले असता, वर टाइमर चालू असतो, आणि दोष द्यायला दोन जिवंत माणसं पलीकडे हेडफोन लावून बसलेली असतात. मत तयार आहे ना? माइक चालू करा.