नळ सोडून रडायचे दिवस

"देव झेपेल तेवढंच देतो." गेल्या दीड वर्षात हे वाक्य इतक्या जणांनी ऐकवलंय की कुणी शेजारी बसून उसासा टाकला की पुढचं मला आधीच कळतं. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, मान्य. पण मला ते पटत नाही. झेपेल तेवढंच आलं असतं तर देवाला हाक मारायची वेळच कशाला आली असती?

नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, जीभ अडखळायला लागली. हॉस्पिटलातले दिवस कसे गेले ते आठवतही नाही. तेव्हा माणसं असतात, फोन असतात, धावपळ असते. खरी लढाई घरी आल्यावर सुरू झाली, सगळे आपापल्या कामाला लागल्यावर. आणि ती होती शर्टाच्या एका बटणाशी. डाव्या हातानं काज धरायचं, उजव्या बोटांनी बटण आत सरकवायचं. बोटं बटणापर्यंत जायची आणि तिथंच थबकायची, दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी. फिजिओथेरपिस्टनी बजावलं होतं, तुम्ही लावून द्यायचं नाही, कितीही वेळ लागू दे. वीस-वीस मिनिटं मी समोर हाताची घडी घालून बसायचे. एक दिवस त्यानं शर्ट भिरकावला आणि मी ओरडले. आजारी माणसावर, चांगली कडाडून ओरडले. मग बाथरूममध्ये गेले, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून नळ सोडला आणि भिंतीला टेकून खाली बसले.

तिथं जे पुटपुटले त्याला प्रार्थना म्हणायचं की नाही, कोण जाणे. "देवा, आता माझ्याच्यानं होत नाही. तुझं तू बघ." बस. काहीही झालं नाही. कुठून प्रकाश आला नाही, मनाला शांत-बिंत वाटलं नाही. बादली भरून वाहायला लागली तसा नळ बंद केला, तोंडावर पाणी मारलं, बाहेर येऊन शर्ट उचलला. तो म्हणाला, "प... परत." परत बसलो.

पुष्कळ दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला. उठायची ताकद संपली म्हणून तर मी आत गेले होते. मग मला उठवलं कुणी?

अर्जुनाला आपण शूर म्हणून ओळखतो. गीतेचा पहिला अध्याय मात्र तो कसा कोलमडला हे सांगतो, तेही बारीकसारीक तपशिलांसह. गात्रं गळालीत, तोंडाला कोरड पडलीय, अंगाला कंप सुटलाय, गांडीव हातातून निसटतंय. शेवटी धनुष्य टाकून तो रथात खाली बसतो. कृष्ण त्याला खडसावतो, पण सोडून जात नाही. युद्धही रद्द करत नाही आणि स्वतः शस्त्रही उचलत नाही. देव पाठीशी असला की संकट टळतं, असं मी वर्षानुवर्षं धरून चालले होते. सारथी संकट कुठं टाळतो? तो रथ नेमका तिथंच नेतो. फक्त लगाम त्याच्या हातात असतात.

अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेल्या मार्टिन लूथर किंग यांच्या आयुष्यातली एक रात्र मला राहून राहून आठवते. जानेवारी १९५६, बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध माँटगोमेरी शहरातला बस-बहिष्कार सुरू होता. वय अवघं २७, घरात तान्हं मूल. मध्यरात्री धमकीचा फोन आला. झोप उडाली, म्हणून स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी कॉफी केली, आणि टेबलाशी बसून मोठ्यानं देवाला सांगितलं की मी खचलोय, घाबरलोय, एकट्यानं पुढं जाणं होणार नाही. तिथंच त्यांना आतून धीर मिळाला, असं ते पुढं सांगत. तीनच दिवसांनी त्यांच्या घरावर बॉम्ब पडला. बायको आणि बाळ घरातच होती, सुदैवानं वाचली. म्हणजे धीर मिळाला, बॉम्ब काही चुकला नाही. या गोष्टीतलं हेच मला खरं वाटतं.

तुकोबांनी तर लढाईच्या दोन्ही आघाड्या सांगून ठेवल्यात, बाहेर जग आणि आत मन. ज्यांची बायको दुष्काळात अन्न-अन्न करत गेली, त्यांनी हे सांगितलंय. माझी बाहेरची आघाडी म्हणजे गोळ्या, व्यायाम, बिलं, ऑफिसची रजा. तिथं देवापेक्षा नणंद जास्त कामाला आली, खोटं कशाला बोलू. (देवावर भरवसा म्हणून गोळ्या बंद करणारेही भेटले. त्यांना लांबूनच नमस्कार.) आतली आघाडी मात्र रात्री उघडते. हे माझ्याच वाट्याला का, याला उत्तर नाही, आणि देवानंही मला अजून दिलेलं नाही. तो देतो ते एका दिवसापुरतं. उद्याचं आज मागितलं तर मिळत नाही, मी मागून पाहिलंय.

एक मैत्रीण म्हणते, हे सगळे तुझ्या मनाचे खेळ. असतील. मी वाद घालत नाही, वाद घालायला लागणारी ताकद मला बटणाला पुरवायची असते.

काल वरचं बटण लागलं, खालच्या काजात. शर्टाची एक बाजू वर, एक खाली, तसाच दिवसभर घरात हिंडला. नळ मला अजूनही कधीकधी सोडावा लागतो. परवा त्यानंच काठी टेकत येऊन दार वाजवलं आणि बाहेरून सावकाश, एकेक अक्षर जुळवत म्हणाला, "पा... णी... वाया."