बिनकष्टाची भाजी

घरच्या घरी भाजी पिकवण्याचा सल्ला देणारा प्रत्येक माणूस 'रोज फक्त दहा मिनिटे द्या' असे सांगतो. त्या दहा मिनिटांबद्दल माझी तक्रार नाही. ती लागतात आणि दहाच लागतात. माझी तक्रार आहे ती वेळ वाचवण्याच्या युक्त्यांबद्दल, कारण त्या युक्त्यांची उस्तवार करण्यात जाणारा वेळ कोणीच हिशेबात धरत नाही.

पहिली युक्ती मातीची. आमच्या इमारतीची लिफ्ट गच्चीपर्यंत जात नसल्यामुळे लाल मातीची पोती चढवण्यापेक्षा कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या दाबलेल्या भुशाची, वीट आणणे शहाणपणाचे, हे मला लगेच पटले. ५ किलोची ती वीट काखोटीला मारून नेता येते आणि पाण्यात भिजवली की फुगून ६० ते ७० लिटर भुसा होतो. हे फुगणे मी न्हाणीघरात घडवून आणले. आधी बादल्या भरल्या, मग टब भरला आणि शेवटी फक्त दिवाळीत माळ्यावरून उतरणारे मोठे पातेलेही कामी आले. काथ्यात मूळचे क्षार असल्यामुळे तो भुसा दोन-तीन पाण्यांतून धुवून काढावा लागतो, आणि त्या धुण्यात मोरी तुंबली. प्लंबरने पाइपातून निघालेल्या भुशाकडे बराच वेळ पाहून "साहेब, घरात घोडा पाळलाय का?" असे अत्यंत आदराने विचारले. पुढे कळले की कोकोपीट पाणी धरून ठेवते, पण झाडाला खायला त्यात जवळजवळ काहीच नसते. त्यामुळे गांडूळखताची आणि थोड्या मातीची पोती अखेर जिन्याने वर गेलीच.

पाण्यासाठी ठिबकचा संच आणि टायमर बसवला. आमच्याकडे बोअरचे जड पाणी येते, त्याच्या क्षारांनी ड्रिपरची भोके बुजतात आणि रविवारची सकाळ प्रत्येक ड्रिपर सुईने कोरण्यात जाते. टायमर मात्र वक्तशीर होता. तो सहाच्या ठोक्याला उघडे आणि गच्चीच्या टाकीत पाणी साडेसहानंतर चढे. पूर्वी मी झाडांना पाणी घालायला वर जात असे. आता टायमरने ते घातले की नाही हे पाहायला जाऊ लागलो, आणि नसेल घातले तर झारी घेऊन पुन्हा जाऊ लागलो.

खताचा सोपा मार्ग म्हणून जीवामृत सुचवण्यात आले. त्याची मूळ कृती शेतासाठीची आहे: २०० लिटर पाण्यात १० किलो देशी गाईचे शेण, गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ आणि बेसन, आणि झाडाखालची मूठभर माती. मी ती दहाने भागली. मिश्रण सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचे असते. शेण शोधण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली, कारण रस्त्यात हवे तेव्हा आडवे येणारे गोधन हातात बादली दिसताच कुठे अंतर्धान पावते, ते कळत नाही. पिठल्याच्या वेळी डबा रिकामा निघाल्यावर, "झाडांनी खाल्लं बेसन, आता तुम्ही खा शेणखत," असे मला स्वयंपाकघरातून कळवण्यात आले.

मेथी-कोथिंबिरीविषयी सांगण्यासारखे काही नाही. त्या बिचाऱ्या विनातक्रार उगवतात. धणे तेवढे रगडून पेरावेत. खरा वेळ खाल्ला दुधीने. एका वेलीवर घरभर भाजी होते, म्हणजे कष्ट कमी, असा माझा समज होता. वेल मांडवभर पसरला, पण फुले सगळी नर. त्यावर 'थ्री-जी कटिंग' नावाचा उपाय सापडला: मुख्य वेलीचा शेंडा खुडायचा, त्याला फुटलेल्या फांद्यांचेही शेंडे खुडायचे, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या फांद्यांवर मादी फुले जास्त येतात. ती आली. मादी फुलाच्या देठाशी बोटाएवढा लवदार दुधी आधीपासूनच असतो, त्यामुळे ओळख पटवणे सोपे. पण परागीभवन झाले नाही तर तो पिवळा पडून गळतो. दुधीची फुले उमलतात संध्याकाळी आणि ती फळवणारे पतंग आमच्या गच्चीकडे फिरकत नाहीत. तेव्हा नर फूल तोडून, पाकळ्या मागे दुमडून, त्याचे पराग मादी फुलाला हाताने लावणे आले, आणि तेही नेमक्या गोरज मुहूर्तावर. त्यासाठी मी कचेरीतून लवकर निघू लागलो. घरी कोणाचा फोन आला तर, "ते वर लग्न लावायला गेलेत," असे उत्तर मिळू लागले, आणि दोन नातेवाइकांनी आमंत्रण का नाही म्हणून रुसवाही धरला.

लग्ने मात्र सगळी यशस्वी झाली. दहा-पंधरा दिवसांत दुधी एकदमच तयार झाले आणि आमच्या घरात दुधी कोणीच आवडीने खात नाही, हा मुद्दा प्रथमच चर्चेला आला. हलवा झाला, थालीपीठ झाले, मग पिशवी घेऊन मी मजल्यामजल्यावर वाटायला निघालो. दुधी दारातून देऊन परतता येत नाही. आत बसावे लागते, चहा घ्यावा लागतो, आणि 'खत कोणतं घालता?' या प्रश्नाचे उत्तर चहा पिताना कसे द्यावे, याचाही विचार करावा लागतो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दुधी हातात तोलून पाहिला, तोंडभर कौतुक केले आणि मी निघालो तेव्हा, "आमच्या गॅलरीत आपोआप उगवलाय हो वेल, आवरतच नाही," म्हणत त्यांचे दोन दुधी माझ्या पिशवीत घातले.