सावजी मागावर बसायचे

मागच्या आठवड्यात पोरीचा पुण्याहून फोन आला. ती हिंजवडीत नोकरी करते, चौघी मिळून फ्लॅट घेऊन राहतात. शनिवारी सगळ्या एका सावजी हॉटेलात जेवायला गेल्या, घाम पुसत पुसत जेवल्या, आणि त्यातल्या एकीनं हिला विचारलं की सावजी हे मसाल्याचं नाव आहे की ज्यानं पहिलं हॉटेल काढलं त्या माणसाचं. पोरगी मला म्हणते, "बाबा, मला पण नीट सांगता नाही आलं. मी म्हटलं आमच्या घरी असंच बनतं. पण सावजी म्हणजे नेमकं कोण?"

फोनवर मी पाच-दहा मिनिटं काय काय सांगितलं, पण ठेवल्यावर रात्रभर डोक्यातून गेलं नाही. ही माझी पोरगी, हलबा कोष्ट्याच्या, म्हणजे विणकराच्या घरात जन्मलेली, पणजा आणि आजा दोघंही हातमागावर बसून म्हातारे झाले, आणि तिला सावजी म्हटलं की पहिले आठवते ती तर्री. चूक तिची नाहीच, आम्ही तिला सांगितलंच नाही कधी. म्हणून ही पोस्ट लिहून राहिलो. मोठी झाली आहे, वेळ काढून वाचा.

तर सावजी म्हणजे आम्ही. आमच्या समाजात माणसाला मानानं सावजी म्हणायचे, "या सावजी, बसा सावजी." नागपुरात तांडापेठ, पाचपावली, नाईक तलाव, गोळीबार चौक, इकडं महाल, इतवारी, या सगळ्या जुन्या वस्त्यांमध्ये भोसल्यांच्या काळापासून विणकरांची घरं आहेत आणि नागपुरी लुगडं, नागपुरी धोतर यांचं नाव एकेकाळी लांब लांब होतं. माझ्या लहानपणीसुद्धा आमच्या गल्लीत शिरलं की खटखट खटखट ऐकू यायची, एका घरातून दुसऱ्या घरात, दुपारी कुठं जरा थांबली की उलट चुकल्यासारखं वाटायचं. आमचा खड्डामाग होता. म्हणजे जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून आजा बसायचा, पायानं खालच्या पावड्या दाबायचा आणि हातानं धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारं लाकडी साधन, इकडून तिकडं. आजी आणि आई रहाटावर कांड्या भरायच्या. कांडी म्हणजे धोट्याच्या पोटात बसते ती सुताची गुंडाळलेली बारकी नळी, ती संपली की आजा मान वर न करता फक्त हात मागे करायचा आणि आजी त्याच्या हातात दुसरी ठेवायची. दोघं एक शब्द बोलत नव्हते. मला ते आजही डोळे मिटले की दिसतं.

आणि पांजण! ज्यांनी पाहिली त्यांनाच कळेल मी काय म्हणतो. सकाळी सकाळी उन्हाच्या आधी गल्लीत अख्खा ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, लांबवर ताणून बांधायचा, त्याला खळ लावायची, कुंच्यानं हलक्या हातानं फिरवत जायचं, म्हणजे सूत मागावर तुटत नाही. अख्खी गल्ली अडायची पण कोणी सायकलवाला घंटी मारत नव्हता, उतरून कडेकडेनं सायकल हातात धरून जायचा, कारण त्याच्या घरी पण परवा हेच असणार होतं. शेजार म्हणजे काय ते मी तिथं शिकलो. कोणाचा धागा तुटला की जो जवळ असेल तो गाठ मारायचा, हा आपला ताणा आहे का त्याचा हे कोणी पाहत नव्हतं.

आता जेवणाचं. लोक विचारतात तुमचं जेवण इतकं जहाल काहून असतं. मी मोठ्यांकडून जे ऐकलं आणि घरात जे पाहिलं ते सांगतो. दिवसभर वाकून बसायचं काम, पैसा हातात यायचा तो कापड व्यापाऱ्याकडे पोचवलं की, मग त्या दिवशी मटण. सगळ्या दिवशी परवडत नव्हतं, आणि परवडायचं तेव्हाही बकऱ्याचं काही वाया घालवणं माहीत नव्हतं, खूर, वजरी, मुंडी, सगळं शिजायचं. जवसाचं तेल, खसखस, दगडफूल, धने, काळे मिरे, सगळं भाजून पाट्यावर वाटायचं, आजीच्या हाताचा वास दोन दिवस जात नव्हता. आणि बाकीच्या दिवशी डाळकांदा, पाटवडी, ज्वारीची भाकर. हे पण सावजीच आहे बरं, नुसतं मटण नाही. पुढं जसे माग बंद पडत गेले तशा कितीतरी घरांमधल्या बायकांनी समोरच्या खोलीत चार पाट मांडले आणि खानावळ सुरू केली. आमच्या गल्लीतच तीन घरांत. ज्या खोलीत माग होता त्याच खोलीत, खड्डा बुजवून, वरून फरशी टाकून. म्हणून मला सावजीची पाटी दिसली की अभिमान पण वाटतो आणि गळ्यात काहीतरी अडकतं पण. कारण ती पाटी लागली तेव्हा एका घरातली खटखट थांबली होती.

माग कसे थांबले हे पण पोरांना माहीत पाहिजे, नाहीतर त्यांना वाटतं काळ बदलला, आपोआप झालं. आपोआप काही होत नाही. १८६७ मध्ये नागपूरला रेल्वे आली, आजूबाजूला सगळा कापसाचा मुलूख, आणि जमशेटजी टाटांनी इथं एम्प्रेस मिल काढली, १ जानेवारी १८७७, त्याच दिवशी तिकडं दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं होतं, म्हणून हे नाव. मिलचं सूत आमच्या मागावर आलं आणि मिलचं कापड आमच्या कापडासमोर उभं राहिलं, दोन्ही एकदमच. आमच्यातलेच कितीतरी लोक मिलमध्ये लागले, भोंगा वाजला की अर्धं नागपूर उठायचं. मग पॉवरलूम आले आणि ते स्वस्त पडले. मधल्या काळात सरकारची जनता कापड योजना होती, स्वस्त धोतर-साड्या हातमागावर विणून घ्यायचे, बाबांनी कितीक वर्षं तेच विणलं. मजुरी थोडी होती पण काम होतं. नव्वदच्या दशकात ती योजना पण गेली. एम्प्रेस मिल २००२ ला बंद झाली, आता तिथं मॉल आहे, गांधीसागरच्या बाजूला. पोरं तिथं सिनेमा पाहायला जातात. जाऊ द्या, जावंच, पण आपण कुठल्या जागेवर उभे आहोत हे त्यांना कोणीतरी सांगावं ना.

बाबांनी माग विकला तेव्हा मी बारावीत होतो. विकला म्हणजे काय, लाकूड म्हणून गेला. मी तेव्हा खूश होतो, खरं सांगतो, मला खोलीत टेबल ठेवायला जागा झाली आणि बाबांचा खोकला कमी होईल वाटलं. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

एक अवघड गोष्ट पण लिहितो, टाळली तर ही पोस्ट अर्धी राहील. आमच्या समाजाची ओळख कोर्टात पण गेली. हलबा आणि हलबा कोष्टी एकच की वेगळे, यावर वर्षानुवर्षं केस चालल्या आणि २८ नोव्हेंबर २००० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हलबा कोष्टी हे हलबा या अनुसूचित जमातीत येत नाहीत. त्या वादात कोण बरोबर हे मी इथं सांगणार नाही, आदिवासी बांधवांची पण बाजू आहे, त्यांच्या वाट्याचं आरक्षण जाईल ही भीती खरी आहे, आणि आमच्या ज्या पोरांच्या नोकऱ्या टांगणीला लागल्या त्यांचं दुःख पण खरं आहे. मला वेगळंच बोलायचं आहे. त्या काळात घराघरात ट्रंका उघडल्या गेल्या, १९५० च्या आधीचा दाखला शोधा, पणज्याच्या नावापुढं काय लिहिलं आहे ते पाहा, कोष्टी, हलबा, की अजून काही. तोवर आम्ही कोण हे कोणी विचारलं तर हात पुढं केला तरी पुरायचं, बोटांवर सुताचे वळ असायचे. नंतर कागद शोधावा लागला. हातातलं काम गेलं की माणसाला आपण कोण हे कागदावरून सिद्ध करावं लागतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता कोणी म्हणेल हा वारसा वारसा करून राहिला, जुनं सगळं चांगलंच होतं का? नव्हतं. आणि हे नागपूरच्या माणसाला दुसऱ्यानं शिकवायची गरज नाही. याच शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांसोबत लाखो लोकांनी जुनी ओळख सोडली आणि नवीन घेतली. जन्मानं जी वाट्याला आली ती माणूस म्हणून जगू देत नव्हती म्हणून सोडली. माझा शाळेपासूनचा मित्र इथल्याच इंदोरा वस्तीतला आहे, त्याची आजी त्या दिवशी तिथं होती, पांढरं लुगडं नेसून पायी गेली होती. तो एकदा मला म्हणाला, "तुमचं जे आहे ते तुम्हाले जपावं वाटते, आमच्या आजीले जे होतं ते टाकून द्यावं वाटलं, आन् दोघायचंही बरोबर आहे." मी त्यावर लय विचार केला आहे. आमच्या गल्लीत पण कोणाच्या घरचं पाणी चालतं आणि कोणाच्या नाही हे होतंच, ते मला परत नको आहे. ते गेलं ते चांगलं झालं. मला जे पाहिजे ते आजीच्या हातातली कांडी आहे, पांजणीच्या वेळी उतरून चालणारा सायकलवाला आहे. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे आपण ठरवायचं असतं, पण ठरवायला आधी माहीत तर पाहिजे, आणि आमच्या पोरांना माहीतच नाही, त्यांच्या हातात फक्त मसाल्याची पुडी पोचली.

आणि सगळं संपलं असंही नाही. आपल्या विदर्भातली करवती साडी अजून विणली जाते, टसर रेशमाची, किनारीवर करवतीच्या दातांसारखी नक्षी म्हणून करवती. ती विणायला तीन धोटे लागतात, दोन दोन्ही बाजूच्या किनारीला आणि एक मधल्या अंगाला, आणि प्रत्येक ओळीला किनारीचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवावा लागतो. तिला जीआय मानांकन पण मिळालं आहे. मी मागच्या वर्षी बायकोला एक घेतली, तिनं लग्नात नेसली तर चार जणींनी विचारलं ही कुठली, बंगालची का? नागपूरच्या लग्नात, नागपूरच्या बायांनी! मी तिथंच उभा राहून सगळ्यांना करवत दाखवली, बायको मला मागून ओढत होती.

आमच्या नागपूरची मारबत पाहा, म्हणजे इडापिडा घेऊन जा म्हणून मिरवणुकीनं काढतात तो मोठा पुतळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी मारबत १८८१ पासून निघते आणि पिवळी १८८५ पासून, आणि आजही गर्दीत पाय ठेवायला जागा नसते. कशी काय टिकली? कारण ती दरवर्षी नव्यानं बनवतात, नव्यानं जाळतात, त्या त्या वर्षी जे लोकांच्या छातीवर बसलं असेल त्याचे बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे, निघतात, महागाई, भ्रष्टाचार, कोरोना सुद्धा, आणि पोट्टे बेंबीच्या देठापासून ओरडतात, घेऊन जा गे मारबत! कोणी त्यांना संस्कृती जपा म्हणून सांगत नाही. त्यांच्या हाताला त्यात काम आहे म्हणून ते करतात. आमच्या मागाला तसं काम राहिलं नाही, एवढाच फरक.

पोरीच्या फोननंतर रविवारी मी आईजवळ बसलो. आईचं वय आता ऐंशीच्या वर आहे, ऐकू कमी येतं पण बाकी सगळं शाबूत. पोरीला व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि म्हटलं, आई, मागाचं सगळं सांग, एकेक वस्तूचं नाव सांग. आई म्हणे, "आता काहून? आता काय करायचं त्याचं?" पोरगी तिकडून ओरडून म्हणाली, "आजी, मला माहीत करायचं आहे!" मग आईनं पाय लांब केले आणि सुरू झाली. धोटा, कांडी, फणी, पावडी, ताणा, बाणा, पांजण, खळ, कुंचा. दिवसाले किती कांड्या भरत होती, सूत ओलं असलं तर काय होते, आजा रागात असला की कापड घट्ट येते आणि खुशीत असला की सैल, व्यापारी बोटानं दाबूनच ओळखायचा म्हणे. तिकडं पोरगी लिहून घेत होती, मधून मधून विचारत होती, आणि आईचे हात बोलता बोलता रहाट फिरवत होते, एक हात गोल गोल आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत धागा धरल्यासारखा. तिला कळतही नव्हतं.

एका जागी आई अडली. विणताना कापडाची रुंदी आखडू नये म्हणून दोन्ही किनारींना टोचून आडवी ताणून धरायची काडी असते, कापड जसं पुढं सरकेल तशी ती काढून पुढं लावायची. तिचं नाव तिला आठवेना. दोनदा तोंडाशी आलं आणि गेलं. "अगं माय, रोज हातात घेत होती मी," म्हणत राहिली. रात्री साडेदहाला उठून माझ्या खोलीत आली, मला वाटलं आठवलं, तर म्हणे, "नाही आलं रे. कोनाले तरी इचार."

म्हणून विचारतो. उमरेड, पवनी, भिवापूर, नागभीड, कामठी, जिथं कुठं तुमच्या घरात माग होता किंवा आहे, तुमच्या आईला, आजीला, मोठ्या बाबांना विचारा त्या काडीला काय म्हणायचे, आणि खाली लिहा. घरात जुना धोटा, फणी काही पडलं असेल तर भंगारात देऊ नका, फोटो टाका. आई रोज सकाळी विचारते, कोणी सांगितलं का म्हणून.