‘पावसातला टाइमपास’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘एक बुद्धिबळपटू, पुणे’ अशी सही करून तुम्ही माझ्या मागच्या लेखावर प्रतिक्रिया लिहिलीत. नवशिक्याने ओपनिंगं (डावाच्या सुरुवातीच्या ठरीव चाली) घोकण्याआधी राजा आणि प्याद्यांचे शेवट (बाकी सोंगट्या संपल्यावरचा खेळ) शिकावेत, एवढंच त्या लेखात होतं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हा सल्ला जुनाट आहे; नवशिके पंधरा चालींच्या आतच हरतात, त्यांना शेवट शिकवून उपयोग काय; ओपनिंग आणि इंजिनावर (संगणकावरच्या बुद्धिबळ प्रोग्रॅमवर) मेहनत घेतल्याने तुमचं रेटिंग २०२३ अखेरच्या ११५० वरून आता १५०० झालं; गुकेशच्या डावाचा क्रमांक मी चुकवला; आणि शेवटी, ‘कोकणात पावसात काही काम नसतं म्हणून ओटीवर टाइमपास खेळणाऱ्यांनी दुसऱ्यांना शिकवायला जाऊ नये.’

चूक आधी कबूल करतो. १२ डिसेंबर २०२४ चा सिंगापूरचा, जगज्जेतेपदाच्या लढतीतला तो डाव तेरावा नव्हे, चौदावा. दुरुस्ती केली आहे, आभार. पण तो डाव तुम्ही क्रमांकाच्या पलीकडे बघितलात का? तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन याने ५५ व्या चालीला हत्ती एफ-२ वर आणला (उभ्या पट्टीचं अक्षर, आडव्या ओळीचा आकडा, असं घराचं नाव). गुकेशने हत्ती मारून घेतले, मग उंट समोर घालून उंटांचीही मारामारी करवली. पटावर उरले दोन राजे आणि थोडी प्यादी, आणि तीन चालींत डिंगने डाव सोडला. जगज्जेतेपद राजा-प्याद्यांच्या शेवटावर ठरलं. असो.

आता ते वाक्य. ‘पावसात काही काम नसतं.’ हे लिहिताना तुम्ही जुलैत देवगड तालुक्यात कधी पाऊल टाकलं होतं का हो? जुलै म्हणजे लावणी. गुडघाभर चिखलात, पाठीवर इरलं घेऊन दिवसभर वाकून काढलेल्या माणसाला ‘काम नसतं’ म्हणायचं, हे घरात बसूनच सुचू शकतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते हे खरं. होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात. पण तेव्हा जाळी विणायची असतात, इंजिनं उघडायची असतात. आमच्या ओटीवर खेळायला येणारा तांडेल (होडीचा म्होरक्या) रात्रीचं जेवण उरकून येतो आणि दहाला जांभया देत उठतो. हा टाइमपास असेल तर तुमचं ऑफिसच्या डब्यानंतरचं ऑनलाइन ब्लिट्झ (काही मिनिटांचे झटपट डाव) काय असतं?

आणि शिकवण्याच्या अधिकाराचं म्हणाल, तर ऐका. मला खेळ शिकवला थोरल्या काकांनी, देशी पद्धतीने. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर, आणि शह बसलेला नसेल तर राजाला एकदाच घोड्याची उडी. किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) नाहीच. काका म्हणायचे, “आधी राजा चालवूक शिक, वजीर मागसून.” तुम्हाला हे गावंढळ वाटेल. मीर सुलतान खान याच देशी खेळातून वर आला आणि १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकून गेला. (मी सुलतान खान नाही, हे तुम्ही लिहायच्या आधी मीच लिहितो.)

पहिली स्पर्धा खेळायला रत्नागिरीला गेलो तेव्हा अकरावीत होतो. पहिल्याच फेरीत सवयीने राजाची घोडउडी मारली आणि पंचांसकट सगळे हसले. ते विसरलो. विसरलो नाही ते चौथ्या फेरीतलं. समोरच्याचं पांढरं प्यादं डी-६ वर, त्याच्या मागे राजा डी-५ वर, माझा काळा राजा डी-७ वर, चाल माझी. बाकी पट मोकळा. सरळ मागे डी-८ वर गेलो असतो तर बरोबरी. राजा ई-६ वर आला की मी ई-८, प्यादं डी-७ ला आलं की मी डी-८, आणि प्यादं राखायला त्याचा राजा डी-६ वर आला की मला चालच उरत नाही, शहही नाही. पण मी ई-८ वर गेलो. राजा ई-६, मी डी-८, प्यादं डी-७, मी सी-७, राजा ई-७, आणि पुढच्या चालीला वजीर. एका घराचा फरक. येताना एसटीत अख्ख्या वाटेवर मी ते घर मोजत होतो. आज माझ्याकडे रविवारी येणाऱ्या नऊ-दहा वर्षांच्या पोरांना हा शेवट झोपेतून उठवून विचारा, सांगतील. तुम्हाला विचारू का?

रेटिंगचा विषय तुम्हीच काढलात म्हणून, नाहीतर मी काढला नसता. १ मार्च २०२४ ला फिडेने (जागतिक बुद्धिबळ महासंघाने) २००० च्या खालच्या खेळाडूंचं रेटिंग एकरकमी वाढवलं: २००० ला जेवढे कमी, त्याच्या ४० टक्के गुण पदरात. तुम्ही ११५० ला होतात, म्हणजे ८५० कमी, म्हणजे ३४० गुण. ११५० अधिक ३४०, १४९०. तेव्हा इंजिनाच्या आणि ओपनिंगच्या वाट्याला येतात दहा. हिशेब चुकला असेल तर कळवा.

पंधरा चालींत हरण्याचा मुद्दा, त्यावर सवडीने कधीतरी. इंजिनाला माझा विरोध नाही, पण आमच्याकडे वारा सुटला की लाईट जाते आणि लाकडी पट कंदिलावर चालतो, एवढंच तूर्त सांगतो. ‘जुनाट’ या शब्दावर काही बोलत नाही. शेवट आधी शिकवा असं जुना जगज्जेता कापाब्लांकाही सांगत असे, त्यालाही हाच शब्द लावा.

तुमची प्रतिक्रिया काढून टाका असं दोघा-तिघांनी सुचवलं. काढणार नाही. फक्त पुढच्या वेळी खाली नाव लिहा. आमच्या ओटीवर परका माणूस आला तरी आधी कोण, कुठला ते सांगतो, मग पटाला हात लावतो.