कंट्रोलर आहे म्हणून सगळा डेटा त्यातूनच जातो, हे खरे नाही

सोसायटीच्या ग्रुपवरून माझ्या मावशीपर्यंत पोहोचलेला एक संदेश सांगतो की, कंट्रोलरवरून (वायफायचा सिग्नल देणारी अनेक उपकरणे, म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट, एका जागेवरून सांभाळणाऱ्या यंत्रणेवरून) चालणाऱ्या वायफायमध्ये प्रत्येकाचा सगळा डेटा कंट्रोलरमधून जातो आणि पासवर्डसकट तिथे साठतो, त्यामुळे वेग निम्मा होतो, आणि कंट्रोलर बंद पडला की वायफायही बंद पडते. मावशीने बँकेचे अ‍ॅप उघडणे सोडले आहे, आणि समिती कंट्रोलर काढून मजल्यामजल्यावर घरगुती राउटर लावायला निघाली आहे.

पहिला दावा सर्वांत घातक आहे. अ‍ॅक्सेस पॉइंट आणि कंट्रोलर यांच्यातील संवादाचे खुले मानक, कॅपवॅप, मार्च २००९ मध्ये आरएफसी ५४१५ (इंटरनेट मानकांचा क्रमांकित दस्तऐवज) म्हणून प्रसिद्ध झाले. त्यात नियंत्रण आणि डेटा यांच्या वाटाच वेगळ्या आहेत: नियंत्रणासाठी यूडीपी पोर्ट (नेटवर्कवरचे क्रमांकित दार) ५२४६, डेटासाठी ५२४७. चॅनेल कोणते, सिग्नलची ताकद किती, हे कंट्रोलर ठरवतो. पण ‘लोकल मॅक’ पद्धतीत अ‍ॅक्सेस पॉइंट वापरकर्त्याचा डेटा थेट जवळच्या स्विचकडे (तारांचे नेटवर्क जोडणाऱ्या उपकरणाकडे) देऊ शकतो. सिस्को या कंपनीच्या फ्लेक्सकनेक्टमध्ये आणि मायक्रोटिक या कंपनीच्या कॅप्समॅनमधील लोकल फॉरवर्डिंगमध्येही डेटा असाच थेट सोडता येतो.

डेटा कंट्रोलरपर्यंत बोगद्यातून, म्हणजे वेगळ्या आवरणात गुंडाळून, नेण्याची पद्धतही आहे, हे मान्य करावे लागेल, आणि त्या बोगद्यातील डेटाला डीटीएलएस या पद्धतीचे कूटबद्धीकरण (मजकूर इतरांना वाचता येऊ नये अशी सोय) देणे कॅपवॅपमध्ये ऐच्छिक आहे. तरीही बँकेचे अ‍ॅप आणि सर्व्हर यांच्यातील मजकूर टीएलएस या कूटबद्धीकरणाने आधीच बंदिस्त असतो; कंट्रोलरला फार तर कोणते उपकरण, कोणत्या संकेतस्थळाशी, किती डेटा, एवढेच कळू शकते. तेवढे कोणत्याही राउटरला कळते, समिती लावू पाहत असलेल्या घरगुती राउटरलाही! शिवाय त्या प्रत्येक राउटरचे फर्मवेअर (उपकरणातले अंगभूत सॉफ्टवेअर) वेळच्या वेळी कोण अद्ययावत करणार, याचा समितीने विचारही केलेला नाही.

‘वेग निम्मा’ या दाव्याला आधार नाही. बोगद्याची पद्धत असेल तर कंट्रोलरकडे जाणारी जोडणी अपुरी असल्यास कोंडी होईल, पण ती जोडणी वाढवता येते.

कंट्रोलर बंद पडल्यावर वायफाय बंद पडते, हे अर्धेच खरे आहे. बोगद्याच्या पद्धतीत, पर्यायी कंट्रोलर नसल्यास, तसे होते. फ्लेक्सकनेक्टमध्ये मात्र डेटा स्थानिक ठेवला असेल तर आधी जोडलेले फोन चालू राहतात, आणि वापरकर्त्याची पडताळणीही स्थानिक असेल तर नवे फोनही जोडता येतात.

तेव्हा कंट्रोलर काढण्याचा ठराव करण्याआधी समितीने तंत्रज्ञाला दोनच प्रश्न लेखी विचारावेत: आपल्या वायफायचा डेटा स्थानिक सोडला जातो की कंट्रोलरकडे नेला जातो, आणि नेला जात असेल तर त्यावर डीटीएलएस चालू आहे का?